परमुलखातलं नाव

आयुष ज्या वयात गेला ते वय ओलांडल्याशिवाय या मुलीला नाव ठेवायचे नाही असे तानूबाईने ठरवले होते, आणि तानूबाईने ठरवलेले त्या घरात सहसा बदलत नसे. त्यामुळे सारा पावसाळा, दसरा, दिवाळी अतुलची ही लेक, आयुषच्या पाठची बहीण, बिननावाचीच राहिली. कुणी तिला बाळी म्हणे, कुणी चिमणी. आजोबा गणपती तर नुसतेच 'अगं ए' अशी हाक मारीत. ती सगळ्यांकडे सारख्याच ओलसर, निर्विकार डोळ्यांनी पाही. नाव ही मोठ्यांची गरज आहे, आपली नव्हे, हे तिला केव्हाच उमगले असावे. मार्गशीर्ष उजाडला. गुऱ्हाळे पेटली, कळंब्याच्या तळ्यावरून येणाऱ्या गार वाऱ्याला उकळत्या रसाचा वास चिकटू लागला, आणि एका रविवारी सोप्यात पाळणा टांगला गेला.

निशिगंधा सकाळच्या गाडीने वारणानगरहून नवऱ्याबरोबर आली. अतुलची ती थोरली बहीण. तिथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत असे. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे तिचा. पण सात वर्षांपूर्वी तिच्या पोटची मुलगी श्वास न घेताच जन्मली होती आणि त्यानंतर कूस उजवली नव्हती; म्हणून 'चुलत बहिणींपैकी कुणालातरी पाळण्यापाशी उभी करू' अशी कुजबुज घरात झाली होती, हे तिच्या कानावर आले होते. जन्मात कधी आवाज न चढवलेला अतुल त्या वेळी म्हणाला होता, "नाव आक्काच ठेवंल. न्हाईतर बारसंच नगं." एवढ्या एका वाक्यासाठी ती रात्रभर रडली होती, आणि त्याच वाक्याच्या आधाराने आज ती उंबरा ओलांडून आली होती.

"वन्सं, दार लोटून घ्या जरा," श्रुती म्हणाली.

माजघराला लागून असलेल्या खोलीत भावजय पलंगावर बसली होती. मुलीला नुकतेच न्हाऊ घातले होते. निशिगंधाने तिला मांडीवर घेतले आणि कुंचीचे बंद बांधू लागली.

"नाव आधी तुमच्या कानात घालते, मग तुम्ही तिच्या," श्रुती हसून म्हणाली. बाळंतपणाने सुकलेल्या चेहऱ्यावर ते हसू नवे दिसले. "पण एक वचन द्या. अर्थ आत्तींना सांगायचा न्हाई." सासूला ती आत्ती म्हणे.

"असा काय अर्थ हाय?"

"आत्तींनी अट घातली होती. उकिरड्यावर घालायचं होतं लेकराला, सुपात घालून! मी म्हटलं, जीव गेला तरी चालणार न्हाई. मग म्हणाल्या, नाव तरी हलकं ठेवा. धोंडी ठेवा, केराबाई ठेवा, पण आयुष्य, जीवन असलं काई नगं. मग ह्यांनी हे शोधून काढलं. आत्तींना सांगितलंय की ह्याला अर्थच न्हाई, नुसता नाद हाय. आणि अर्थ तर..." ती पुढे झुकली. तिच्या श्वासाला बाळंतशेपाचा वास होता. "वीता. लॅटिन शब्द हाय, वन्सं. म्हणजे जीवन."

बंदाची गाठ अर्धीच राहिली.

"कुणी शोधलं म्हणालीस?"

"ह्यांनीच. कुठल्याशा पुस्तकात वाचलं म्हणे. किती छान हाय न्हाई? कुणाचंच नसंल असं नाव."

निशिगंधाने गाठ पूर्ण केली. मग ती सोडली आणि पुन्हा बांधली. मुलीने तिचे बोट मुठीत धरले होते. ते तिने एकेक पेर करून सोडवून घेतले, मुलीला आईच्या कुशीत दिले आणि काही न बोलता मागल्या दाराने बाहेर गेली.

•

अतुल गोठ्याच्या आडोशाला पाहुण्यांसाठी आणलेल्या खुर्च्या पुसत होता. पावले ऐकली तेव्हाच त्याला कळले. काही माणसांच्या चालण्यातच त्यांचा प्रश्न असतो.

"कुठनं घेतलंस नाव?"

त्याने फडके पिळले.

"पुस्तकात वाचलंस म्हणे. कुठलं पुस्तक? मला पण वाचायचंय."

"आक्का..."

"सांग की. लायब्ररीत मिळंल मला."

तो काय सांगणार होता? ज्या वर्षी तो वारणानगरला बहिणीकडे राहून शिकत होता, त्या वर्षीच्या संध्याकाळी त्याच्या मनात अजून मावळल्या नव्हत्या. आक्काला तेव्हा सातवा लागला होता. भावोजींची पाळी डेअरीत दुपारची असे, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले फिरणे धाकट्या भावाच्या वाट्याला आले होते. कॉलनीच्या रस्त्यावर दुतर्फा गुलमोहर होते, आणि त्यांच्या सावल्यांतून चालताना ती दिवसभर शिकवलेले त्याला पुन्हा शिकवी. "व्हिटॅमिन हा शब्द अर्धा चुकून पडलाय, ठाऊक हाय?" ती एकदा म्हणाली होती. "शोधणाऱ्याला वाटलं, ही सगळी द्रव्यं एकाच रसायनाच्या कुळातली असतील, म्हणून त्या कुळाचं नाव त्यानं मागं जोडलं. नंतर चूक निघाली. मग शेपटातलं एक अक्षर तेवढं छाटलं लोकांनी. पण पुढचा अर्धा शब्द खरा निघाला. वीता. लॅटिन हाय, म्हणजे जीवन. आपलं 'जीवित' आणि त्यांचं 'वीता', दोघी एकाच आजीच्या नाती, बग. एक इथं नांदली, एक परमुलखात गेली." थोडे चालून ती थांबली होती, पोटावर हात ठेवून. "ती भाषा आता कुणाच्या घरात बोलत न्हाईत. मेली ती. पण तिच्यातलं जीवन तेवढं मागं राहिलं. मुलगी झाली तर वीता. कुणाला सांगू नगंस. तुझ्या भावोजींनाबी न्हाय. आधी हातात येऊ दे."

ती हातात आली, पण तशी नाही. भावोजी तिला कापडात गुंडाळून ओढ्याकडे घेऊन गेले तेव्हा खाटेपाशी अतुल एकटा होता, आणि भिंतीकडे तोंड करून आक्का ते नाव हळूहळू, जणू पाठ करावे तसे, म्हणत होती. दात न निघालेल्याला नाव नसते आणि त्याचे सुतकही नसते, असे त्या दिवशी सगळ्यांनी तिला समजावले. त्यानंतर तिने ते नाव कधी उच्चारले नाही.

"ती गेली म्हणून तिचं नाव मोकळं झालं व्हय रे?" निशिगंधा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरे वाटले असते. "पड जमीन हाय? कुणीबी यावं आणि नांगर घालावा?"

"ही काचेच्या पेटीत होती, आक्का." तो जमिनीकडे पाहत बोलू लागला. "आषाढात. हात लावू देत नव्हते. श्रुती निजून, आई बाहेर बाकावर, आणि मी काचेपाशी. काय बोलावं तेच कळंना. बाप हाय म्हणून सांगायचं, पर कसं? एक दिवस तोंडातनं तेच आलं. मी काय ठरवून म्हणालो नव्हतो. तेच आलं. आणि हिनं मूठ उघडली. त्यानंतर दुसरं कुठलं नावच तोंडात येईना."

"मग माझ्या घरी फोन न्हाय?"

"हाय."

"आषाढापासनं किती वेळा बोललास माझ्याशी. म्हशीचं सांगितलंस, आबांच्या गुडघ्याचं सांगितलंस."

"तू न्हाय म्हणाली असतीस तर?"

"तर न्हाय."

"म्हणूनच विचारलं न्हाय," अतुल म्हणाला.

त्याच्या साऱ्या आयुष्यात तो इतके खरे कधी बोलला नव्हता. आणि ते इतके कुरूप असेल असे त्याला वाटले नव्हते. गोठ्यात म्हैस पाय बदलून उभी राहिली. निशिगंधा त्याच्याकडे पाहत होती. आपण लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेले मूल हेच का, हे ताडून पाहावे तसे.

"मी आता सोप्यात जाऊन आईला एवढंच म्हणाले की ह्याचा अर्थ जीवन, तर पाळणा हलायच्या आत आई ते नाव उकिरड्यावर टाकंल. ठाऊक हाय तुला?"

"व्हय."

"मग?"

"मग काय, आक्का. तुझ्या हातात हाय." तो थांबला. "सांगणार हाईस?"

"ठाऊक न्हाय," ती म्हणाली, आणि आत वळली.

•

सोपा बायकांनी भरला होता. तानूबाईने घुगऱ्यांचे पातेले चुलीवरून उतरवले आणि पदराने कपाळ पुसले. मुलगी त्या घातक वयाच्या पल्याड सुखरूप आली होती. तरीही तिच्या छातीवरचे ओझे हललेले नव्हते. कारण ते ओझे कशाचे आहे हे तिलाच ठाऊक होते. आयुष हे नाव तिने स्वतः निवडले होते. बिद्रीच्या कारखान्यातून तिचा नवरा सेवानिवृत्त झाला त्याच महिन्यात नातू झाला, आणि त्या आनंदात ती साऱ्या गल्लीला सांगत फिरली होती, "आयुष म्हंजे लांब आयुष्य, बरं का! माज्या नातवाचं लांब आयुष्य!" तेव्हा नणंद अंबूबाईने तिला बजावले होते. या घराण्यातल्या थोरल्यांचे, तानूबाईच्या सासऱ्यांचे नाव केरबा होते. त्यांच्या आधीची सगळी भावंडे पाळण्यातच गेली, म्हणून त्यांच्या आईने त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवले आणि शेजारणीकडून कोंड्याच्या मापाने परत विकत घेतले. केराला कोण उचलून नेणार? केरबा म्हातारे होऊन, नातवंडे अंगाखांद्यावर खेळवून गेले. "तानू, चांगल्या वस्तूचं नाव मोठ्यानं घिऊ ने. ऐकनारा ऐकतोय," अंबूबाई म्हणाली होती. तानूबाईने ते हसण्यावारी नेले. मग एका पहाटे आयुषचे अंग गार लागले.

म्हणून, अतुल जेव्हा म्हणाला की या नावाला अर्थच नाही, तेव्हा तिला हायसे वाटले होते. अर्थ नसलेले नाव सटवाईला वाचता यायचे नाही.

"चला गं, येळ झाला," अंबूबाईने सोप्यातून हाळी दिली. तिच्या आवाजाला भिंती पुरत नसत. "आत्या कुठं हाय पोरीची? का आत्या फारीनहून येनार हाय?"

बायका हसल्या. निशिगंधा माजघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी होती.

"आई," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी उभी कर. मला जमायचं न्हाई."

कुणीतरी हातातली बांगडी उगाच मागे सारली.

"का? काय झालं?" तानूबाई घाबरी झाली. आजच्या दिवशी असे अडखळणे तिला अपशकुनासारखे वाटले.

"काई न्हाई. न्हाई जमत."

"मी आदीच सांगितलेलं," अंबूबाई शेजारणीच्या कानात म्हणाली. तिचे कानातले बोलणेही साऱ्यांना ऐकू जाई. "रिकाम्या कुशीनं पाळन्याला हात लावू ने. तिचं तिला कळलं, बरं झालं."

"आत्याबाई, तोंड आवरा," गणपती भिंतीजवळून गुरकावले. बहिणीला पोरांसारखी आत्याबाई म्हणण्याची त्यांची सवय होती.

"मी काय वंगाळ बोलली का?"

तानूबाईला दोघांचेही ऐकू येत नव्हते. तिच्या डोळ्यांपुढे फक्त हा खोळंबलेला पाळणा होता, आणि त्याच्या दोरीला धरून कुणीतरी न दिसणारे उभे होते. भीतीने तिचे तोंड उघडले, आणि जे कधीच बाहेर यायला नको होते ते बाहेर आले.

"भावाचं भरलं घर बगवंना व्हय गं तुला?"

श्रुती मुलीला घेऊन दारात आली होती. ती तिथेच थिजली. अतुलने मान खाली घातली, आणि तानूबाईला कळेना की बहिणीसाठी भांडणारा हा मुलगा आत्ताच का गप्प आहे.

पुरुषांच्या बाजूने कृष्णात उठला. जावई शांत माणूस. डेअरीत दुधाचे नमुने तपासणारा, घरात मोजके बोलणारा. त्याने टोपी घातली. "चला," तो बायकोला म्हणाला. "साडेबाराची गाडी सापडंल."

"पावणं, बसा हो," गणपती म्हणाले. "बायकांचं बोलनं ते. म्हातारी भ्यालीया. तिच्या मनात काय न्हाय."

"मनात न्हवतं ते तोंडात कुठनं आलं, मामा?"

तानूबाई लेकीकडे पाहत होती. निशिगंधाच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिने तो पदरात घेतला असता. पण तो चेहरा नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखा होता, सपाट, ओला आणि कोरा.

"थांबा," निशिगंधा नवऱ्याला म्हणाली. "आता गेले तर हेच खरं ठरंल. मी ठेवते नाव."

•

मुलीला पाळण्याच्या वरून, खालून, या हातातून त्या हातात फिरवण्यात आले. शेवटी ती पाळण्यात विसावली आणि सगळ्या बायका निशिगंधाच्या मागे गोळा झाल्या. आत्या कानात नाव सांगायला वाकली की तिच्या पाठीत बुक्के घालायचे, हा त्यांचा हक्क.

ती वाकली. दुधाचा, तेलाचा, वेखंडाचा वास आला. एवढ्याशा कानाची पाळी पानाच्या नव्या कोंबासारखी दुमडलेली होती. या क्षणी ती कुठलेही नाव घालू शकत होती. जे प्रथम कानात पडेल तेच खरे, असे सगळ्यांनी मानले होते. धोंडी म्हणाली असती तर धोंडी. आपले नाव परत घेऊन ती उठली असती आणि कुणाला दोष देता आला नसता.

पण तिला जाणवले की हे नाव तिने आजवर फक्त भिंतीला ऐकवले आहे. ऐकणारा कान त्याला कधी मिळालाच नव्हता. आणि समोर एक कान होता, उबदार, जिवंत. परका असला तरी रक्ताचा.

"वीता," ती म्हणाली.

मुलीने डोळे मिचकावले. पाठीवर बुक्के पडू लागले. अंबूबाईचा हात जड होता. निशिगंधा उठली नाही. ते सारे बुक्के तिने तसेच वाकून घेतले. ज्या दिवशी रडायचे होते त्या दिवशी कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला नव्हता. आज हा मार बरा वाटत होता.

"अगं, पुरे की! उठ आता. काय नाव ठेवलंस सांग तरी."

"वीता," तिने मोठ्याने सांगितले.

"ईता?" अंबूबाईने कपाळाला आठ्या घातल्या. "ह्ये काय नाव? म्हंजे विट्याच्या बाजारातनं आनली व्हय पोरगी?"

हशा उसळला. गणपतीही मिशीत हसले. "फारीनचं दिसतंय," ते म्हणाले.

"अर्थ काय गं त्याचा?" कुणीतरी विचारले.

"अर्थ काय न्हाय," अतुल घाईने म्हणाला. "नुसतं हाय."

"नुसतं कसं आसंल? दगडालाबी कायतरी म्हनत्यात ते दगड हाय म्हनून." अंबूबाई हार जाणाऱ्यांतली नव्हती. "तुला न्हाय ठावं म्हन. आपली निशी कालेजात शिकवती. ती सांगंल. सांग गं, काय अर्थ हाय?"

सारा सोपा निशिगंधाकडे वळला. तिला आईचे डोळे दिसले. आत्ता ज्या डोळ्यांनी तिला घायाळ केले होते तेच डोळे, पण आता भीतीने विस्फारलेले. नातीच्या नावात काही चांगले निघू नये म्हणून लाचार झालेले. श्रुतीने दाराची चौकट घट्ट धरली होती. अतुलने डोळे मिटून घेतले होते.

"हाय की अर्थ," निशिगंधा म्हणाली.

"मग सांग की."

"लॅटिन शब्द हाय, आत्या. लांबच्या मुलखातला. तिकडं ती भाषा मरून गेली." ती एकेक शब्द वर्गात लिहून द्यावा तसा उच्चारीत होती. "वीता म्हणजे उष्टं. दुसऱ्याच्या ताटातलं उरलेलं."

एका बाईने 'अगं बाई' म्हटले. गणपती मुलाकडे पाहू लागले, "आरं, आसलं नाव कशाला..."

पण तानूबाई उठली होती. तिचा चेहरा हळूहळू उजळला, आणि इतक्या दिवसांत प्रथमच तिच्या खांद्यांवरचा ताण उतरताना दिसला. "गप बसा तुमी!" ती नवऱ्यावर डाफरली. "उष्टं म्हंजे किती ब्येस! उष्ट्याला देव शिवत न्हाय, यम तोंड लावत न्हाय. कोन खातंय दुसऱ्याचं उष्टं? जगंल माजी पोर!" ती पाळण्यापाशी गेली आणि मुलीच्या गालावरून बोटे उतरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. "ईता! ए ईता! माजं उष्टं गं त्ये!" आणि मग लेकीकडे वळून, डोळे पुसत, "शिकलेली लेक कामाला आली बग. मगा वंगाळ बोलले. मनात धरू नगंस."

"न्हाई धरत," निशिगंधा म्हणाली.

•

श्रुतीला पहिल्यांदा फक्त सुटल्यासारखे वाटले. वन्संनी वचन पाळले. वर चतुराईने म्हातारीचे समाधानही केले. घुगऱ्यांच्या पुड्या वाटताना तिच्या मनात कृतज्ञता दाटून आली होती. पण तो शब्द तिच्या मनातून जाईना. केर म्हणता आले असते, कोंडा म्हणता आले असते. या घराला तेच ओळखीचे होते. वन्संनी थोडा वेळ घेऊन, निवडून, उष्टं म्हटले होते. आणि म्हणताना त्या अंबूबाईकडे पाहत नव्हत्या. अतुलकडे पाहत होत्या.

पंगत बसली तेव्हा तिने नवऱ्याला खोलीत बोलावले.

"उष्टं म्हणजे कुणाचं?"

अतुल खिडकीतून बाहेर पाहत राहिला.

"मी काय विचारते? पुस्तकात वाचलं होतं ना?"

"श्रुती, आता नगं."

"वन्संना अर्थ आधीच ठाऊक होता. सकाळी मी सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले होते. मला वाटलं, आनंदानं." ती बोलता बोलता पलंगावर बसली. सात वर्षांपूर्वीची, आपण या घरात येण्याच्या आधीची, जिच्याविषयी घरात क्वचितच बोलले जाई अशी एक मुलगी तिला आठवली; म्हणजे फक्त ऐकलेली. "अहो... त्यांच्या तिचं?"

त्याच्या न बोलण्याला अनेक तऱ्हा होत्या. लग्नानंतर तिने त्या एकेक करून शिकून घेतल्या होत्या. ही 'होय'ची होती.

बाहेर तानूबाई पाळणा हलवीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते नाव ऐकवीत होती. श्रुतीने कान झाकले नाहीत. पण हात मांडीत आवळून घेतले.

"मला म्हणालात, कुणाचंच नाव न्हाई ते," ती म्हणाली. "आता मी हिला हाक कशी मारू? दर वेळी मारताना मला दोघी दिसतील."

"मला पयल्यापासनं दोघीच दिसत्यात," अतुल म्हणाला.

ती उठली आणि त्याच्याजवळून, त्याला न स्पर्शता, बाहेर गेली.

•

कृष्णातने जेवण टाळले नाही. ताटावरून उठणे त्याच्या स्वभावात नव्हते. दुपार कलल्यावर दोघे निघाले. तानूबाईने लेकीची ओटी भरली, घुगऱ्यांची मोठी पुडी जावयाच्या हातात दिली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. परत जाताना ती आतल्या मुलीला लांबूनच हाका मारीत गेली. निर्भय, मोकळ्या गळ्याने. शेजारच्या दारांतून बायका तेच नाव पुन्हा म्हणून पाहत होत्या आणि हसत होत्या. त्या संध्याकाळपर्यंत ते नाव साऱ्या गल्लीचे होणार होते.

कळंब्याच्या तुरुंगाच्या उंच भिंतीच्या पुढे बसथांबा होता. शेड नव्हती, एक बाभळ होती, तिच्या विरळ सावलीत दोघे उभे राहिले. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात होते. कृष्णातने पुडी या हातातून त्या हातात घेतली.

"काय गं," तो म्हणाला, आणि थांबला. मग रस्त्याकडे पाहत, तिच्याकडे न पाहता, "आपलीचं काय नाव ठरवलेलं का तू? तवा?"

सात वर्षांत त्याने हे प्रथमच विचारले होते. हा प्रश्न न विचारल्याबद्दल तिने इतकी वर्षे त्याला मनातल्या मनात दोष दिला होता. आज तो विचारीत होता. निशिगंधाने तोंड उघडले. जिभेवर ते दोन अक्षरी नाव होते, आणि त्याला आता घुगऱ्यांची, हशाची, अंबूबाईच्या तोंडातल्या तंबाखूची चव लागलेली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "ठरवलं नव्हतं काई."

कृष्णातने मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे सैल झाले.

"बरं झालं," तो म्हणाला. "मी तिला ओढ्याकडं न्हेलं ना, तवापासनं ह्येच डोक्यात हुतं. वाटायचं, हिनं नाव ठेवलं आसंल, आनी मी न विचारताच बिननावाची पुरून आलो."